खांदेरी : लढाई गमावून राखलेले बेट

१६७९ च्या नोव्हेंबर महिन्याच्या मध्यावर शिवाजी महाराजांच्या फौजेने जालना लुटले. ही घटना मराठवाड्याला परकी नाही. लूट घेऊन परतणाऱ्या फौजेला मोगलांच्या रणमस्तखानाने वाटेत संगमनेरकडे गाठले, त्या झुंजीत सिधोजी निंबाळकर पडले, आणि बहिर्जी नाईकाने आडवाटांनी महाराजांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोचवले, हेही शाळेपासून ऐकलेले असते. पण त्याच आठवड्यांत सह्याद्रीपलीकडे अरबी समुद्रातल्या एका निर्मनुष्य बेटावर मूठभर मराठे इंग्रजांच्या वेढ्यात बसून तट बांधत होते, याची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही. ते बेट खांदेरी. जालना आणि खांदेरी ही एकाच युद्धाची दोन टोके होती आणि समुद्राकडचे टोक समजून घेतल्याशिवाय त्या वर्षाचे चित्र पुरे होत नाही. खांदेरीची हकिगत बहुतेक वेळा आरमारी विजयाची गाथा म्हणून सांगितली जाते. पुरावा मात्र वेगळे सांगतो. त्या मोहिमेतली सर्वांत मोठी दर्यावरची झुंज मराठ्यांना जिंकता आली नाही, तरी बेट त्यांच्याकडेच राहिले. हे कसे घडले, यातच खांदेरीचे खरे मोल आहे.

मुंबईच्या दक्षिणेला, अलिबागजवळच्या थळ गावासमोर समुद्रात दोन बेटे आहेत. किनाऱ्याला लागून असलेली धाकटी उंदेरी आणि तिच्या पलीकडे, किनाऱ्यापासून साधारण पाच किलोमीटरवर, थोरली खांदेरी. इंग्रजांच्या कागदांत त्यांची नावे हेनरी-केनरी अशी येतात. खांदेरीवर दोन टेकड्या, मधे खोलगट भाग, भोवती खडक. सतराव्या शतकात तिथे वस्ती नव्हती. कंधारच्या किल्ल्याभोवतीचा पाण्याने भरलेला रुंद खंदक ज्यांनी पाहिला आहे त्यांना पाणी तटाचे काम कसे करते हे सांगायला नको. खांदेरीला तो खंदक समुद्राने फुकट दिला होता. फरक एवढाच, की खंदकाच्या पाण्यात शत्रूची तोफांनी भरलेली जहाजे येऊन उभी राहत नाहीत. मुंबई बंदरात शिरणारे किंवा तिथून दक्षिणेकडे निघणारे प्रत्येक गलबत खांदेरीच्या नजरेच्या टप्प्यातून जायचे. जंजिऱ्याहून मुंबईकडे जाण्याची वाटही हीच. ज्याच्या हाती हे बेट, त्याचे दोन्हींवर लक्ष.

जंजिऱ्याचे नाव आले की सिद्दी आलाच, आणि सिद्दीची कथा आपल्या भागाला वाटते तितकी दूरची नाही. हबशी सरदार निजामशाहीचे आधारस्तंभ होते. मलिक अंबराने खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवले. १६३६ मध्ये शाहजहानच्या फौजांनी उदगीर आणि औसा घेतले तेव्हा उदगीर लढवणारा किल्लेदार सिद्दी मिफ्ताह हाही हबशीच होता, आणि किल्ला दिल्यावर तो मोगलांच्या चाकरीत गेला. निजामशाही संपल्यावर तिचे कोकण विजापूरकडे आले आणि जंजिऱ्याचे सिद्दी आदिलशाहीचे झाले. पुढे शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याला इतके जेरीस आणले, की १६७० च्या सुमारास तिथला मुख्य फत्तेखान किल्ला द्यायला तयार झाला. त्याच्या हाताखालच्या सिद्दींनी त्याला कैदेत टाकले आणि मोगलांचा आश्रय घेतला. औरंगजेबाने त्यांना आपले आरमार मानले आणि त्यांच्या खर्चाची तजवीज सुरतेच्या महसुलातून केली. उदगीरचा हबशी पस्तीस वर्षांपूर्वी ज्या वाटेने गेला होता, त्याच वाटेने जंजिऱ्याचा हबशी गेला. दख्खनचे स्वामित्व बदलले, की किल्ले राखणारी ही माणसे नव्या सत्तेशी जुळवून घेत. यात नवल नाही. पण याचा परिणाम असा झाला, की कोकण किनाऱ्यावरचा स्थानिक शत्रू रातोरात दिल्लीच्या बादशहाचा दर्यावरचा हात बनला.

यात तिसरा पक्ष इंग्रजांचा. मुंबई बेट १६६१ च्या विवाह-तहाने पोर्तुगालकडून इंग्लंडच्या राजाला मिळाले आणि १६६८ मध्ये राजाने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला दिले. कंपनीचा खरा व्यापार सुरतेला, म्हणजे मोगलांच्या मर्जीवर. त्यामुळे मोगलांचे आरमार म्हणवणाऱ्या सिद्दीने पावसाळ्यात मुंबई बंदरात मुक्काम मागितला, की इंग्रजांना नाही म्हणणे जड जाई. सिद्दी मुंबईत आपली जहाजे लावायचा आणि तिथून समोरच्या मराठी मुलखावर उतरून गावे जाळायचा, माणसे पकडून न्यायचा. महाराजांनी वारंवार तक्रारी केल्या. इंग्रजांनी वारंवार गुळमुळीत उत्तरे दिली. सिद्दीला आवर घालायचा तर मुंबईच्या तोंडाशी पाय रोवायला हवा, हे यातून उघड झाले. १६७२ मध्येच खांदेरीवर किल्ला बांधण्याचा विचार झाला होता; इंग्रज आणि सिद्दी दोघांच्या विरोधामुळे तो तेव्हा तडीला गेला नाही.

महाराजांच्या आरमारी धोरणाकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. जहाजांच्या बांधणीत आणि तोफखान्यात युरोपियन सरस आहेत हे त्यांनी ओळखले होते. म्हणून समुद्रावर जहाजाला जहाज भिडवण्यापेक्षा समुद्रात दगड रोवण्यावर त्यांचा भर राहिला. १६६४ मध्ये मालवणला सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. जंजिरा हाती येईना तेव्हा त्याच्या समोरच्या कासा खडकावर पद्मदुर्ग उभा राहिला. त्या पद्मदुर्गाच्या संदर्भातले जानेवारी १६७५ चे एक पत्र प्रसिद्ध आहे. प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याने पद्मदुर्गाला ठरलेली रसद आणि पैका वेळेवर पोचवला नाही, म्हणून महाराजांनी त्याला अत्यंत कडक शब्दांत फटकारले आणि शत्रूला मदत केल्याचाच दोष त्याच्यावर ठेवला. एका सुभेदाराच्या दिरंगाईवर राजा इतका का संतापावा? कारण समुद्रातला किल्ला तटावर तगत नाही, धान्यावर आणि पाण्यावर तगतो, हे त्या राजाला पक्के कळले होते. खांदेरीची पुढची सगळी गोष्ट त्या पत्रात बीजरूपाने आहे असे मला वाटते.

१६७९ च्या ऑगस्टअखेरीस, पाऊस ओसरत असताना, मराठी आरमारातला मायनाक भंडारी सुमारे १५० माणसे आणि चार लहान तोफा घेऊन खांदेरीवर उतरला. वेळ नेमकी निवडलेली होती. किनाऱ्यावरचे कोळी नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात लोटतात. मोठ्या जहाजांना मात्र अजून काही आठवडे समुद्र अवघड असतो. तेवढ्या अवधीत मायनाकाच्या माणसांनी दगडमातीची छातीभर आडभिंत उभी करायला घेतली. या पुढचा तपशील आपल्याला बहुतेक मुंबई आणि सुरत इथल्या इंग्रजांनी एकमेकांना लिहिलेल्या पत्रांतून मिळतो. हा पुरावा शत्रूच्या हातचा आहे, म्हणून काही जण त्याकडे संशयाने पाहतात. पण ही पत्रे जाहिरातीसाठी लिहिलेली नव्हती. मालकाला खर्चाचा जाब देणाऱ्या नोकरांची ती पत्रे आहेत, आणि त्यांत स्वतःच्या अपयशाची कबुली पुन्हा पुन्हा येते. स्वतःविरुद्ध दिलेल्या साक्षीचे वजन जास्त धरायला हरकत नाही.

इंग्रजांनी आधी निरोप धाडला, की हे बेट मुंबईच्या हद्दीतले आहे, सोडून जा. धन्याच्या हुकमाशिवाय हलणार नाही, असा मायनाकाचा जवाब गेला. मग सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तीन शिबाडे बेटाभोवती नाकेबंदीला लागली. पाठोपाठ विल्यम मिंचिनच्या हाताखाली 'हंटर' हे लढाऊ जहाज आले. १९ सप्टेंबरला लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प बेटावर उतरण्याच्या प्रयत्नात पुढे घुसला आणि दोन सोबत्यांसह मारला गेला. तो दारूच्या अंमलाखाली होता, असे इंग्रजांच्याच कागदांत आहे. हे खरेही असेल. पण पराभवानंतर मेलेल्या माणसावर ठपका ठेवणे सोयीचे असते, हेही विसरू नये. उतरायचे तर खडकाळ किनाऱ्यावर, समोर भिंतीआड बसलेल्या बंदूकधाऱ्यांच्या माऱ्याखाली उतरावे लागत होते. शुद्धीवर असलेल्या माणसालाही ते सोपे नव्हते.

नाकेबंदी का फसली, याचे उत्तर पाण्यात आणि वाऱ्यात आहे. कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळा सरल्यावर दिवसा समुद्रावरून आणि रात्री जमिनीवरून वारा वाहतो. रात्रीच्या त्या वाऱ्याला कोळी मतलई म्हणतात. मतलई सुटली की थळच्या किंवा नागावच्या खाडीतून निघालेली छोटी होडी शिडाला जोर मिळून सरळ बेटाकडे येते. वारा पडला तरी ती वल्ह्यांवर चालते. खडकांमधल्या उथळ पाण्यातून, भरतीचा अंदाज घेत, काळोखात ती बेटाला लागते, धान्याची पोती, चुना, दारूगोळा आणि ताजी माणसे उतरवते आणि उजाडण्यापूर्वी परतते. इंग्रजांची जहाजे खोल बुडाची आणि पूर्णपणे शिडांवर अवलंबून. वारा नसेल तेव्हा ती जागची हलत नसत, आणि वारा असेल तेव्हा खडकांजवळ जायला धजत नसत. शिवाय त्यांच्यावरचे खलाशी मजुरीवर आणलेले, आणि समोरच्या होड्यांतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या तेच पाणी कापत आलेली. मराठ्यांच्या बारक्या होड्या आपल्याला रोज रात्री चकवून जातात, ही तक्रार त्या पत्रांत कायम आहे. बेटावरची भिंत दर आठवड्याला थोडी वर येत होती आणि वेढा घालणारे ती नुसते पाहत होते.

१८ ऑक्टोबरला दौलतखानाने मोठा डाव टाकला. मराठी आरमाराचा हा सरदार साठेक गलबते घेऊन सकाळी किनाऱ्यावरून निघाला आणि इंग्रजांवर तुटून पडला. इंग्रजांकडे आठ जहाजे होती: 'रिव्हेंज' ही मोठी फ्रिगेट, दोन गुराबा, तीन शिबाडे आणि दोन मचवे, त्यांवर दोनशे युरोपियन सैनिक, शिवाय खलाशी. हल्ला इतका वेगवान होता, की इंग्रजांना नांगर उचलायलाही उसंत मिळाली नाही. अर्ध्या तासात 'डव्ह' नावाची गुराब मराठ्यांच्या हाती लागली, तिच्यावरचे लोक कैद झाले, आणि बाकीची लहान जहाजे पळत सुटली. 'रिव्हेंज' एकटी उरली. तिच्यावर मिंचिन आणि रिचर्ड केग्विन होते. मराठी गलबतांनी तिला घेरल्यावर केग्विनने त्यांना जवळ येऊ दिले आणि मग तोफांचा भडिमार केला. पाच गलबते बुडाली, उरलेली माघारी वळली, आणि एकट्या 'रिव्हेंज'ने त्यांचा नागोठण्याच्या खाडीपर्यंत पाठलाग केला.

हा दिवस कोणाचा? इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्मपासून अनेकांनी तो इंग्रजांचा विजय मानला आणि तो मानणे चूक नाही. पन्नास गलबतांनी एका जहाजापुढून माघार घेतली, हे कबूल केलेच पाहिजे. 'डव्ह' पकडल्याचा मुद्दा पुढे करून ही माघार झाकण्याची काही गरज नाही. उलट ती कबूल केल्यावरच खरा प्रश्न समोर येतो: समुद्रावर हरलेल्या बाजूचे बेट का पडले नाही? याचे उत्तर असे, की बेटाचे भवितव्य त्या दिवशीच्या झुंजीवर टांगलेले नव्हतेच. दौलतखान नागोठण्याच्या खाडीत शिरला तरी थळच्या होड्या रात्री निघत राहिल्या. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बेटावर नवी रसद आणि माणसे पोचलेली होती. इंग्रजांनी एक लढाई जिंकली. त्यांना रोजची रात्र जिंकायची होती, आणि ती त्यांना एकदाही जिंकता आली नाही.

इथे ग्रीक इतिहासातला एक प्रसंग आठवतो. ख्रिस्तपूर्व ४२५ मध्ये अथेन्सच्या लोकांनी ग्रीसच्या नैऋत्य किनाऱ्यावर पायलोसला अशीच घाईने भिंत उभारली. दगड घडवायला हत्यारे नव्हती, म्हणून जसा दगड सापडेल तसा बसवला. माती वाहायला पाट्या नव्हत्या, म्हणून ती पाठीवर वाहिली, असे थ्युसिडिडीस लिहितो. पाठोपाठ समोरच्या स्फॅक्टेरिया या निर्जन बेटावर स्पार्टाचे ४२० सैनिक अथेन्सच्या आरमाराच्या वेढ्यात अडकले. तिथेही रात्रीच्या अंधारात होड्या धान्य पोचवत, आणि पाणबुडे कातडी पिशव्यांत मधात कालवलेली खसखस आणि जवसाचा कूट बांधून पाण्याखालून ओढत नेत. वेढा बहात्तर दिवस टिकला आणि शेवटी २९२ माणसे जिवंत शरण आली. रसद दोन्हीकडे पोचली, मग स्फॅक्टेरिया का पडली आणि खांदेरी का टिकली? स्पार्टाचे लोक बेटावर अडकले होते. मायनाकाचे लोक बेटावर राहायला आले होते. स्पार्टाच्या सैनिकांनी तिथे तट बांधला नव्हता, त्यामुळे अथेन्सचे लोक पहाटे उतरले तेव्हा त्यांना रोखणारे काही नव्हते. खांदेरीवर उतरायला आलेला थॉर्प भिंतीपाशी मेला. रात्रीच्या होडीने आणलेली भाकरी आणि तिनेच आणलेला चुना, यांतला चुना कमी महत्त्वाचा नव्हता.

आता नोव्हेंबरकडे वळू. महाराज स्वतः या सगळ्यात किनाऱ्यावर नव्हते. मोगलांचा सरदार दिलेरखान विजापूरच्या मुलखात घुसला होता. संभाजीराजे १६७८ च्या डिसेंबरापासून त्याच्या छावणीत गेलेले होते, ही राजाच्या काळजातली सल. आदिलशाहीला मदत करायला आणि मोगलांचे लक्ष विजापूरवरून उडवायला महाराज फौज घेऊन देशावर उतरले आणि जालन्याची लूट झाली ती याच धामधुमीत. राजा इतका गुंतलेला असताना खांदेरी तगली, हे त्यांनी उभ्या केलेल्या व्यवस्थेचे यश मानायला हवे. मायनाक, दौलतखान आणि नावे कागदावर न आलेले शेकडो तांडेल व खलाशी कोणाची वाट न पाहता काम करत होते. त्याच महिन्याच्या अखेरीस सिद्दी कासीम आपले आरमार घेऊन खांदेरीपुढे आला आणि इंग्रजांच्या बरोबरीने बेटावर तोफा डागू लागला. देशावर मोगलांशी झुंज चालू असताना मोगलांचेच आरमार खांदेरीवर तुटून पडले. जालना आणि खांदेरी यांना जोडणारा धागा तो हा.

सिद्दी आल्याने इंग्रजांचे बळ दुप्पट व्हायला हवे होते. झाले उलटे. सिद्दीने बेट घेतले तर तो ते आपल्याकडेच ठेवील, आणि मग मुंबईच्या तोंडाशी मराठ्यांऐवजी मोगल बसतील, ही शंका इंग्रजांना छळू लागली. सुरतेहून खर्चाबद्दल नाराजी येत होतीच. त्यातच महाराजांनी कल्याणच्या बाजूने मुंबईवर फौज पाठवल्याच्या बातम्या आल्या आणि मुंबईची तुटपुंजी शिबंदी धास्तावली. सुरतेने तडजोडीचा सल्ला दिला. सिद्दीने मग स्वतःचा मार्ग काढला: ९ जानेवारी १६८० रोजी त्याने शेजारची उंदेरी बळकावली आणि तिच्यावर तोफा चढवल्या. दौलतखानाने उंदेरीवर हल्ला केला, तो परतवला गेला आणि दौलतखान स्वतः जखमी झाला. महिनाअखेरीस इंग्रज जहाजांनी खांदेरीचा नाद सोडला.

यावर दोन आक्षेप येऊ शकतात आणि दोन्ही दखल घेण्याजोगे आहेत. पहिला असा, की इंग्रज मराठ्यांच्या बळामुळे हटले नाहीत, आपल्या हिशेबामुळे हटले. मग यात मायनाकाचे काय? पण हिशेब आपोआप बिघडत नाही, तो कोणीतरी बिघडवावा लागतो. बेट पहिल्या आठवड्यात पडले असते तर सुरतेकडून शाबासकी आली असती. पाच महिने जहाजे, माणसे आणि पैसा गुंतून पडला, म्हणूनच खर्चाचे पत्र आले. व्यापारी कंपनीला हरवायचे तर तिची जहाजे बुडवावीच लागतात असे नाही, तिचा धंदा आतबट्ट्याचा करावा लागतो, आणि ते खांदेरीवर झाले. दुसरा आक्षेप जास्त जड आहे. उंदेरी सिद्दीकडे गेल्यामुळे खांदेरीचा अर्धा लाभ मातीत गेला, असे म्हणता येते. हे मला बऱ्याच अंशी मान्य आहे. दोन बेटांच्या तोफा एकमेकींकडे तोंड करून बसल्या, संभाजी महाराजांच्या काळात उंदेरी घेण्याचा प्रयत्नही सफल झाला नाही, आणि थळचा किनारा कित्येक वर्षे या आगीत होरपळला. सिद्दीला कोंडण्याचा मूळ हेतू अपुरा राहिला. पण इंग्रजांपुरता हेतू साधला. मार्च १६८० मध्ये त्यांनी महाराजांशी समेट केला आणि सिद्दीला मुंबईत पूर्वीसारखा मोकळा आसरा न देण्याचे मान्य केले. तो शब्द पुढे नीट पाळला गेला नाही, हे खरे. खांदेरी मात्र पुन्हा मागितली गेली नाही. पुढच्याच महिन्यात, ३ एप्रिल १६८० रोजी, महाराज रायगडावर निवर्तले.

केग्विनची पुढची वाटही सांगण्यासारखी आहे. खांदेरीपुढे कंपनीसाठी लढलेल्या याच माणसाने डिसेंबर १६८३ मध्ये कंपनीच्या काटकसरीला आणि अपमानाला कंटाळून मुंबईत बंड केले, जवळजवळ वर्षभर बेट स्वतःच्या ताब्यात ठेवले, आणि त्या काळात संभाजी महाराजांशी तह केला. ज्याने मराठी गलबतांची ताकद अंगावर घेतली होती, त्याला त्यांच्याशी मैत्री करण्याची निकड आधी कळली.

खांदेरीची खरी परीक्षा अठराव्या शतकात झाली. कान्होजी आंग्र्यांच्या हाती ती मुंबईच्या नाकासमोरची चौकी झाली. गव्हर्नर चार्ल्स बून याने १७१८ च्या नोव्हेंबरात मोठे आरमार घेऊन खांदेरीवर चाल केली, तोफांचा मारा केला, माणसे उतरवली आणि हात हलवत परत गेला. बेटाला येणारी आंग्र्यांची गलबते अडवण्याचे काम इंग्रजांनी आपल्या चाकरीतल्या मॅन्युएल द कास्त्रो या पोर्तुगीजावर सोपवले होते. ती गलबते निसटून आत गेली आणि खापर त्याच्यावर फुटले. एकोणचाळीस वर्षांनी नाकेबंदीला तेच भोक पडले. १७१८ चे इंग्रज १६७९ च्या इंग्रजांपेक्षा कितीतरी बलाढ्य होते, त्यांची जहाजे मोठी होती, तोफा अधिक होत्या; तरी थळचे उथळ पाणी आणि रात्रीचा वारा जिथल्या तिथे होता. शेवटी १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर खांदेरी इंग्रजांकडे आली. एवढ्या खटाटोपानंतर ती त्यांना लढून घ्यावी लागली नाही.

१८६७ मध्ये इंग्रजांनी तिथे दीपगृह उभारले. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाच्या तेजीने मुंबईत पैसा आला होता, बंदरातली वर्दळ वाढत होती, आणि दोनच वर्षांनी सुएझ कालवा खुला होऊन ती कैक पटींनी वाढणार होती. दक्षिणेकडून येणाऱ्या जहाजाला बंदराचे तोंड दाखवायला याहून चांगली जागा नव्हती. ज्या कारणाने मायनाकाने तिथे चार तोफा नेल्या, त्याच कारणाने तिथे दिवा लागला. अष्टकोनी मनोरा आजही टेकडीवर उभा आहे आणि त्याच्या पायाशी मराठ्यांचा तट आहे. समुद्राच्या बाजूला तटाच्या पायाभोवती मोठमोठे दगड पसरलेले दिसतात. लाट आधी त्यांच्यावर फुटते आणि तटापर्यंत तिचा जोर उरत नाही. या दगडांना कालवे चिकटलेली असतात, त्यांच्या कडा पात्यासारख्या, अनवाणी पाय टाकला की कापणार. उतरायला येणाऱ्या शत्रूसाठी हा पहिला तट होता. चाकांच्या लोखंडी गाड्यांवर बसवलेल्या काही तोफा अजून तिथे आहेत. ठोकल्यावर धातूसारखा नाद करणारा एक खडक आहे, आणि वेताळाचे देऊळ आहे, ज्याला किनाऱ्यावरचे कोळी आजही मानतात. दीपगृहावरचे कर्मचारी सोडले तर बेटावर वस्ती नाही.

१९९८ मध्ये बेटाचे नाव कान्होजी आंग्रे बेट असे झाले, आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतले तेव्हा रायगड, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग यांच्या पंगतीला खांदेरीही बसली. कान्होजींचे नाव बेटाला शोभते, कारण त्यांनी ते वाढवले आणि बूनच्या आरमारापुढे राखले. पण राखण्याजोगे काही तिथे उभे राहिले ते त्यांच्या चाळीस वर्षे आधी, वेढ्यात बसून, रात्री उतरवलेल्या चुन्यावर. त्या पाच महिन्यांचा इतिहास लिहिताना पहिले नाव मायनाक भंडाऱ्याचे येते आणि त्याच्या जोडीला थळ-नागावच्या त्या होडीवाल्यांची, ज्यांतल्या एकाचेही नाव इंग्रजांना ठाऊक नव्हते.